अतिथीची तिथी : पाहुण्याचा ऋतू आणि यजमानाचा ऋतू

मराठी ग्रामीण साहित्याच्या चर्चेत 'अनुभव कोणाचा' हा प्रश्न पुष्कळदा विचारला गेला. लेखक खेड्यात जन्मला की शहरात, त्याची बोली कमावलेली की उपजत, त्याचे खेडे स्मृतीतले की वर्तमानातले, या निकषांवर कृतीची अस्सलता जोखण्याचा आपल्याकडे प्रघातच पडला. 'ऋतू कोणाचा' असा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला असेल. वस्तुतः ग्रामीण कथनात ऋतू हा पार्श्वभूमीचा पडदा नसतो. कथानकाची गती, पात्रांचे येणेजाणे, घरातील धान्याची कणगी आणि घरातील माणसांचा स्वभाव हे सारे त्याच्या हाती असते. आणि ऋतू दोन तऱ्हांनी भोगला जातो. एक, तो पाहण्यासाठी आलेल्याचा. दुसरा, त्याच्या तावडीतून जाता येत नाही अशा घरधन्याचा. या दोन ऋतूंची गल्लत आपल्या समीक्षेने कशी केली, आणि जळगाव जामोद परिसरातील एका लोकपरंपरेकडे व याच बुलडाणा जिल्ह्यातील एका कादंबरीकडे पाहिले असता ती गल्लत कशी उघडी पडते, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

या विचाराला निमित्त झाले ते कृषिपर्यटनाचे. पांडुरंग तावरे यांच्या पुढाकाराने २००५ च्या सुमारास बारामती परिसरात या व्यवसायाला संघटित रूप आले आणि २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यासाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केले. कुटुंबाने शेत राखायचे, त्या शेतात चार खोल्या बांधायच्या आणि शहरातून येणाऱ्यांना राहण्याजेवण्याची सोय करून द्यायची, असा हा मामला. शेतकऱ्याच्या हाती चार जादा पैसे येत असतील तर त्याविषयी नाक मुरडण्याचे कारण नाही. कोरडवाहू शेतीत ज्यांचे हात पोळले आहेत त्यांना हा उपदेश करण्याचा अधिकार साहित्याच्या अभ्यासकाला तर मुळीच नाही. तथापि या व्यवसायाने एक नवी संहिता निर्माण केली आहे : पाहुण्यासाठी लिहिलेले खेडे. तिच्यात बैलगाडीची फेरी असते, चुलीवरची भाकरी असते, विहिरीतले पोहणे असते, मोटेची आठवण असते. मजुरी नसते, बियाण्याची उधारी नसते, नापिकी नसते. ही संहिता कोणा जाहिरातदाराने शून्यातून रचली असे समजणे भाबडेपणाचे होईल. तिची वाक्ये आपल्याच साहित्याने पुरविलेली आहेत, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

अन्यत्रही असे घडले आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात १८८०च्या दशकात डाकोटा प्रदेशातील ईटन बंधूंच्या गुराढोरांच्या वाडीवर पूर्वेकडचे मित्र मुक्कामाला येऊ लागले. आरंभी घरचे म्हणून राहणारे पुढे पैसे मोजून राहू लागले आणि या व्यवसायाची १९२६ मध्ये रीतसर संघटनाही झाली. अॅरिझोनाच्या वाळवंटात अशा वाड्यांचा हंगाम हिवाळ्याचा. उन्हाळ्याची काहिली सुरू झाली की पाहुणे पांगतात. घरच्या माणसांचे वर्ष मात्र पाहुण्यांबरोबर संपत नाही. नेवाडा राज्याने १९३१ मध्ये घटस्फोटासाठी सहा आठवड्यांचे वास्तव्य पुरेसे ठरविले आणि तेथील वाड्यांवर एक निराळाच ऋतू अवतरला : सहा आठवड्यांचा, कायद्याने आखलेला. आर्थर मिलर १९५६ मध्ये अशाच कारणासाठी तेथे राहिला आणि त्या मुक्कामात भेटलेल्या माणसांतून 'द मिसफिट्स' ही कथा व पुढे १९६१ चा चित्रपट उभा राहिला. नोंद घ्यावी ती अशी की या कृतीत वाळवंट दिसते ते मुक्कामाला आलेल्याच्या नजरेतून. उलट मेरी ऑस्टिनच्या 'द लँड ऑफ लिटल रेन' (१९०३) या पुस्तकात त्याच कोरड्या मुलखाचे ऋतू तेथे वर्षानुवर्षे राहिलेल्या बाईच्या नजरेतून आले आहेत. पाऊस कमी असण्याची चमत्कृती तिला वाटत नाही. कमी पावसातले जगणे कसे चालते याचे तिला कुतूहल आहे. विषय एक, मुलूख जवळपास एक. ऋतू मात्र दोन.

महाराष्ट्राला वाळवंट नाही. पण कमी पावसाचा माणदेश आहे, आणि पाणी असून ते पिता येत नाही असा वऱ्हाडातील पूर्णेकाठचा खारपाणपट्टा आहे. उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला पूर्णा आणि मध्ये काळ्याभोर मातीचा, खाऱ्या भूजलाचा सपाट मुलूख, असा जळगाव जामोदचा परिसर. येथे पाहुण्याला तांब्याभर गोडे पाणी देणे ही अनेक गावांत नुसती रीत राहिलेली नाही, तो यजमानाला पडणारा खर्च आहे. पाहुणचाराची सैद्धांतिक चर्चा करताना हे विसरू नये.

सैद्धांतिक बाजू थोडक्यात मांडतो. बाख्तिनने कादंबरीतील स्थळकाळबंधांची चर्चा करताना ग्रामरम्य कथनाचा एक बंध सांगितला आहे : एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या चालणारे कौटुंबिक जीवन, शेतीच्या श्रमाशी जुळलेली त्याची लय, आणि निसर्गाच्या व माणसाच्या काळाचे ऐक्य. रेमंड विल्यम्सने 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात या ऐक्यावरच बोट ठेवले. जो मुलूख राबतो तो राबणाऱ्याला 'देखावा' म्हणून क्वचितच दिसतो. देखावा दिसण्यासाठी बघणाऱ्याला श्रमापासून अलग व्हावे लागते, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख आहे. या दोन मांडण्या एकत्र ठेवल्या म्हणजे लक्षात येते की बाख्तिनचा बंध हा यजमानाचा आहे आणि त्या बंधाला लागलेले 'रम्य' हे विशेषण पाहुण्याचे आहे. देरिदाने १९९०च्या दशकात आतिथ्याचा विचार करताना बिनशर्त आतिथ्य आणि सशर्त आतिथ्य यांतील ताण दाखविला. आपल्याकडे तो ताण एका शब्दाच्या परंपरागत फोडीतच आहे. ज्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. भाषाशास्त्र या शब्दाची व्युत्पत्ती वेगळी लावते, भटकण्याच्या अर्थाच्या धातूपाशी नेते. परंतु समाजाने जी फोड मनाशी धरली ती अर्थाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. कृषिपर्यटनाचा पाहुणा आगाऊ रक्कम भरून येतो, त्याची तिथी पक्की असते. त्या अर्थाने तो अतिथी नव्हेच.

आता मराठी कृतींकडे वळू. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही माणदेशातील धनगरांच्या वस्तीची कादंबरी म्हणून वाचली जाते. तिचा निवेदक मात्र वस्तीचा नाही. तो बाहेरून आलेला शाळामास्तर आहे. तो वस्तीत रमतो, वस्तीसाठी तालीम उभी करतो, माणसांच्या भांडणांत आणि सुखदुःखांत ओढला जातो, आणि दुष्काळाने वस्ती उजाड झाल्यावर परत फिरतो. माडगूळकरांची प्रामाणिकता अशी की त्यांनी हे पाहुणेपण लपविले नाही. मास्तर वस्तीचा होत होत राहून जातो आणि तेच त्या कादंबरीचे दुःख आहे. दुष्काळ त्यालाही दिसतो, त्याच्याही पोटात कालवाकालव होते, पण त्याचा पगार मेंढरांवर अवलंबून नाही. धनगर जातात ते मेंढरे जगविण्यासाठी, मास्तर जातो तो शाळेत मुले उरली नाहीत म्हणून. ही दोन जाणी एकाच पानावर येतात आणि समीक्षक त्यांना एकच 'दुष्काळ' म्हणून मोकळे होतात. येथे चूक लेखकाची नाही, वाचनाची आहे.

दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र' (१९५६) या ग्रंथाची गोष्ट थोडी निराळी. मराठी ललितगद्यात ऋतूला स्वतंत्र नायकत्व देणारे हे पुस्तक, आणि त्याच्या गद्याची श्रीमंती वादातीत. लोकवाङ्मयाचा आणि वनस्पतींचा एवढा व्यासंग क्वचितच एकत्र आढळतो. तरीही तेथे महिना येतो तो पाहण्यासाठी येतो. फुलणे, झडणे, रंग बदलणे यांनी तो मोजला जातो. पेरणी, खुरपणी, निंदणी, सावकाराकडची खेप यांनी मोजला जात नाही. तसा तो मोजावा अशी अपेक्षाही त्या पुस्तकाकडून करणे न्याय्य नाही. अडचण पुढे झाली. 'ऋतुचक्रा'ने घडविलेली ऋतूची संवेदना ही ऋतूची एकमेव साहित्यिक संवेदना आहे असे आपण मानू लागलो, आणि ग्रामीण कृतींतही तीच शोधू लागलो. पळस फुलला की समीक्षकाची लेखणी फुलते. त्याच चैत्रात सालगडी घर बदलतो, पाडव्याला किंवा काही भागांत आखजीला सालाचा करार नव्याने होतो, याची टीप कोणी देत नाही.

या वाचनदोषाचा सर्वांत मोठा फटका बसला तो ना. धों. महानोरांना. १९६७ मध्ये 'रानातल्या कविता' आला तेव्हा मराठी कवितेला एक नवा, ओला प्रदेश सापडल्याचा आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण महानोर (१९४२–२०२३) हे पळसखेडच्या शेताचे पाहुणे नव्हते, धनी होते. त्या शेताने मराठीतील कितीतरी नामवंतांचा पाहुणचार केला. साहित्यिक, गायक, संगीतकार तेथे आले, राहिले, आणि परत जाऊन त्या रानाविषयी बोलले. कवीने आपल्या सीताफळाच्या वाणाला 'लताफळ' असे नाव दिले, ते लता मंगेशकरांवरून. हा तपशील गमतीचा म्हणून सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखकाला तो महानोरांच्या काव्यव्यवहाराची किल्ली वाटतो. पाहुणा येऊन ऋतू घेऊन जातो ही नेहमीची रीत. येथे यजमान पाहुण्यालाच आपल्या ऋतूत रुजवितो, त्याचे नाव फळाला लावतो, आणि ते फळ दर वर्षी पावसाळा सरताना बाजारात नेऊन विकतो. शहरी वाचकाने महानोरांच्या पावसात शृंगार पाहिला आणि तो तेथे आहेच. परंतु तोच पाऊस विधान परिषदेत पाण्याच्या नियोजनाविषयी बोलणाऱ्या शेतकरी आमदाराचाही होता, ही गोष्ट चरित्रात गेली, काव्यविचारात आली नाही. कवीच्या दोन पावसांत आपण भिंत घातली. निसर्गकवी हे बिरुद म्हणजे त्या भिंतीवरची पाटी होय.

आता भेंडवळकडे येऊ. जळगाव जामोद तालुक्यातील या गावी अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी गावाबाहेरच्या शेतात घटमांडणी होते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ती सुरू केली अशी परंपरेची धारणा आहे. वाघ घराण्यानेच ती पिढ्यान्‌पिढ्या चालविली आहे. वर्तुळाकार घट आखून त्यात गहू, ज्वारी, तूर, उडीद, मूग, हरभरा, जवस, तीळ, करडी, सरकी अशी अठरा धान्ये मांडतात. मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, सांडोळी, भजे, वडा, जवळ पानसुपारी. रात्रभर घटाकडे कोणी फिरकत नाही. पहाटे पाहणी होते आणि दाण्यांच्या हालचालींवरून, ढेकळांच्या ओलीवरून वर्षाचे भाकीत सांगितले जाते. पुरी म्हणजे पृथ्वी, कुरडई म्हणजे चारा, पान म्हणजे राजा, असा संकेतकोश ठरलेला आहे. ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी आदल्या दिवसापासून येऊन थांबतात.

या भाकिताला शास्त्राचा आधार नाही. हवामानशास्त्राच्या अभ्यासकांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने त्यावर घेतलेले आक्षेप बिनतोड आहेत आणि प्रस्तुत लेखकाला ते मान्य आहेत. रात्रीच्या वाऱ्याने, किड्यामुंग्यांनी हललेल्या दाण्यावरून कोणी पेरणीचा निर्णय घेऊ नये. परंतु भाकीत खोटे ठरल्याने संहिता निरर्थक ठरत नाही. ऋतूविषयीची ही यजमानाची संहिता आहे, आणि तिची चिन्हव्यवस्था बारकाईने पाहण्याजोगी आहे.

पहिली गोष्ट, तिच्यात देखावा नाही. फूल नाही, पक्षी नाही, मोहोर नाही. वर्तुळ आहे, पण 'ऋतुचक्रा'तल्यासारखे डोळ्यांसमोर फिरणारे नव्हे. माणूस त्याच्या बाहेर उभा राहून आत काय हलले ते बघतो, कारण त्याच्या घराचे काय होणार ते त्या आत ठरते असे तो मानतो. पाऊस येथे ढगाने नव्हे, ढेकळाने दाखविला आहे. ढग पाहुण्याला दिसतो. ढेकूळ किती मुरले हे शेतकऱ्यालाच ठाऊक.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. घागरीवर काय मांडतात ते पुन्हा वाचावे. पुरी, पापड, कुरडई, भजे, वडा आणि शेवटी पानसुपारी. वऱ्हाडी घरातील हे पाहुण्याचे ताट आहे. कुरडया, पापड, सांडोळ्या उन्हाळ्यात बायका घालतात, वाळवितात आणि डब्यात भरून ठेवतात त्या वर्षभर येणाऱ्या पैपाहुण्यांसाठी. म्हणजे वर्षाचे भविष्य विचारताना हा समाज शेताच्या मध्यभागी पाहुण्याचे पान वाढतो. पाहुणा कोण? या दिवशी घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरली जाते, हे ध्यानात घेतले तर एक पाहुणा पूर्वज आहे. दुसरा पाहुणा पाऊस. ज्याची तिथी ठरलेली नाही असा, ज्याच्यासाठी सगळे तयार ठेवायचे पण ज्याला येण्याची सक्ती करता येत नाही असा तो खराखुरा अतिथी. पर्यटनाच्या संहितेत शेतकरी यजमान आहे, शहरी माणूस पाहुणा आहे आणि ऋतू ही वाढायची वस्तू आहे. भेंडवळच्या संहितेत शेतकरी यजमान आहे, ऋतू पाहुणा आहे आणि वाढायचे आहे ते घरच्या बाईच्या हातचे. दोहोंतील अंतर एवढे मोठे आहे की 'ग्रामसंस्कृतीचे दर्शन' या एकाच मथळ्याखाली ते झाकता येऊ नये. (बाईच्या हातचे ताट मध्यभागी आणि त्याचा अर्थ सांगणारा आवाज मात्र पुरुषाचा, हा त्या संहितेचा अंतर्विरोध, त्यावर स्वतंत्रपणे कोणी लिहील तर बरे.)

हुरड्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. कणसात दाणा भरला पण वाळला नाही एवढ्या थोड्या दिवसांचा हा मेवा. खरिपाच्या ज्वारीचा दिवाळीच्या आगेमागे, रब्बीचा पौष-माघात. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजायची, हातावर चोळायची, फुंकर घालून फोलपट उडवायचे. पीक घरात येण्याआधी पिकाचा वाटा सोयऱ्यांना देण्याची ती रीत होती, आणि त्यात एक धाडसही होते : खळ्यावर किती येईल हे कळण्यापूर्वीच वाटणे. आज हुरडा पार्टी हा हिवाळी पर्यटनाचा हमखास खपणारा प्रकार झाला आहे. त्यासाठी कृषी विद्यापीठांनी 'फुले उत्तरा'सारखे खास वाणही दिले आहेत आणि टप्प्याटप्प्याने पेरणी करून हुरड्याचे थोडे दिवस लांबविता येतात. गंमत अशी की वऱ्हाडात ज्या काळात हा शब्द शहरी जाहिरातीत रूढ झाला, त्याच काळात येथील खरीप ज्वारीचे क्षेत्र घटत गेले आणि तेथे सोयाबीन आले. सोयाबीनचा हुरडा होत नाही. शब्द पाहुण्याकडे गेला आणि वस्तू यजमानाच्या शेतातून हलली, अशी ही भाषिक घटना आहे; कोशकारांनी तिची दखल घ्यायला हवी.

याच जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) ही कादंबरी, जिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. तिचे शीर्षकच ऋतूचे आहे. पण बारमासी काव्यप्रकारात बारा महिने विरहिणीच्या मनःस्थितीचे बारा रंग दाखवीत येतात. देशमुखांच्या येथे बारा महिने म्हणजे सुटका नसण्याचे नाव आहे. एकनाथ उच्चशिक्षित आहे, नोकरी नाही म्हणून शेतीत आहे. धाकटा मधू नोकरीसाठी लाच द्यायला शेत विकावे म्हणतो. आणि अलका, एकनाथची शहरात वाढलेली पत्नी, या घरात आली ती सून म्हणून, पण तिचा ऋतू पाहुण्याचा आहे. तिला पावसाळ्यात चिखल दिसतो, उन्हाळ्यात धूळ. समीक्षेने तिला बहुधा आत्मकेंद्रित, शेतीविषयी तिटकारा असलेली स्त्री म्हणून निकालात काढले. हे वाचन अपुरे आहे. पर्यटनाच्या संहितेतला पाहुणा दोन दिवसांनी जातो म्हणून त्याला खेडे गोड लागते. तोच पाहुणा बारा महिने राहिला तर काय होते, याचा प्रयोग देशमुखांनी अलकाच्या रूपाने केला आहे. ती खेड्याविषयी जे बोलते त्यातले बरेचसे खरे आहे. फक्त ते बोलून निघून जाता येणे एवढी सवलत तिला आहे, सासूला नाही. ती माहेरी निघून जाते तेव्हा कादंबरी तिच्या मागे शहरात जात नाही, शेतातच थांबते. कथनाने कोणाच्या ऋतूची बाजू घेतली आहे ते या थांबण्यात कळते.

एकनाथ मात्र या दोन्ही ऋतूंच्या मधला आहे. त्याच्या शिक्षणाने त्याला शेताकडे बाहेरून पाहण्याची दृष्टी दिली आणि त्याच्या परिस्थितीने बाहेर जाण्याची वाट दिली नाही. माडगूळकरांचा मास्तर नोकरीवर येऊन वस्तीत पाहुणा झाला. एकनाथ मास्तर होण्याइतका शिकून आपल्याच शेतात पाहुणा झाला आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, खामगावच्या महाविद्यालयांतून मराठी घेऊन एम.ए. करणारी मुले 'बनगरवाडी' आणि 'बारोमास' वाचतात. वर्गात ती 'प्रादेशिकता', 'देशीयता' यांच्या व्याख्या लिहून घेतात, आणि सुटीत घरी कापूस वेचायला जातात. त्यांच्यासाठी खेडे हा अभ्यासविषय आहे आणि त्याच वेळी ते त्यांचे घर आहे. आपली वाचकविषयक मांडणी शहरी रसिक आणि ग्रामीण लेखक या जोडीवरच उभी राहिल्यामुळे हा तिसरा, अर्धा पाहुणा आणि अर्धा यजमान असलेला वाचक तिच्यात बसत नाही, आणि 'बारोमास'वर त्याने परीक्षेत काय लिहावे हे मात्र आपणच त्याला सांगत असतो.